आमचा मॉनिटर

२०२४ च्या वर्षावासात आमच्या वर्गातला एक मुलगा गेला. मुलगा म्हणायचे ते सवयीने. वय त्याचे ४५ होते, कानशिलावर केस पांढरे झाले होते, थोरली मुलगी त्याच्या खांद्याला लागली होती. पण दहावीला एका बाकावर बसलेली माणसे एकमेकांना कधी मोठी दिसत नाहीत. मला तो अजूनही खाकी अर्ध्या चड्डीत, हातात खडू घेऊन फळ्याजवळ उभा असलेलाच दिसतो.

त्याचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. वहिनींची तशी इच्छा आहे. शिवाय तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत त्याला कोणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. सगळे त्याला मॉनिटर म्हणत. पाचवीत गुरुजींनी त्याला वर्गाचा मॉनिटर केले आणि पुढे त्याला त्या जागेवरून काढायचे कोणाला सुचलेच नाही. गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहायची, हे मॉनिटरचे काम. आमचा मॉनिटर सर्वांत आधी स्वतःचे नाव लिहायचा. "मी तुम्हाला गप्प बसा म्हणून ओरडतो, म्हणजे मीपण बोललोच ना?" असे त्याचे म्हणणे. छडी खायची वेळ आली की तो पहिला हात पुढे करी. त्यामुळे त्याने लिहिलेल्या नावाबद्दल कोणी त्याच्याशी भांडले नाही.

आम्ही तुर्भे स्टोअरच्या वस्तीतली पोरे. १९७२ च्या दुष्काळाने आमच्या आईबापांना गाव सोडायला लावले. त्याचे वडील आधी तुर्भ्याच्या दगडखाणीत फोडणीच्या कामावर होते. पुढे मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आला, तसे ते बाजारात पाठीवर गोणी वाहू लागले. आई औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जाई. घरात हा थोरला, पाठीवर दोन बहिणी. सातवीत असताना तो भाकरी थापायचा आणि आमच्यासमोर थापायचा. त्यात त्याला कधी लाज वाटली नाही. बहिणींच्या वेण्या घालून त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडून मग तो आमच्यात मिसळायचा.

१९९२ हे वर्ष आमच्या पिढीला विसरता येणार नाही. १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि मे महिन्यात मानखुर्दहून खाडीवरच्या पुलावरून वाशीला लोकल सुरू झाली. गाडी बघायला आम्ही सात जण तुर्भ्याहून चालत वाशी स्टेशनावर गेलो. सगळ्यांचे मिळून पैसे मोजले, तर तिघांच्या तिकिटापुरते भरले. बाकीचे म्हणाले, विनातिकीट चढू, लहान पोरांना कोण विचारतो? मॉनिटरने ऐकले नाही. चिठ्ठ्या टाकल्या. तिघे मानखुर्दला जाऊन आले आणि खाडीचे पाणी वरून कसे दिसते ते त्यांनी उरलेल्या चौघांना सांगितले. चिठ्ठीत त्याचे नाव निघाले होते. त्याने ती चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि स्वतः फलाटावर बसून राहिला.

१९९५ साली दहावीच्या परीक्षेची फी भरायच्या वेळी माझ्या वडिलांचे काम सुटले होते. मी घरी बसायची तयारी केली होती. एके दिवशी गुरुजींनी बोलावून सांगितले, तुझी फी भरली गेली आहे. मला वाटले, शाळेनेच भरली. दहा-बारा वर्षांनी एका मित्राच्या लग्नात जेवताना कळले की मॉनिटरने वर्गात पाच-पाच रुपये जमवले होते आणि कोणासाठी ते कोणालाही सांगितले नव्हते. मी त्याला जाब विचारला, तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तू घेतले असतेस का?"

आम्ही दोघांनी कॉमर्सला प्रवेश घेतला. पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना गोणी उचलताना त्याच्या वडिलांची पाठ गेली. ते पुन्हा सरळ उभे राहिले नाहीत. त्याने कॉलेज सोडले आणि कामाला लागला. त्याची पुस्तके माझ्याकडे आली. पुढच्या वर्षांची पुस्तके त्याने पगारातून घेऊन दिली. मी बी.कॉम. झालो तेव्हा पेढे त्याने वाटले. "आपल्या दोघांत एक पदवी पुरे आहे," असे तो हसत म्हणे. मी आज खुर्चीवर बसून कारकुनी करतो, त्या खुर्चीचा अर्धा पाय त्याचा आहे.

आपल्या समाजाला ही मैत्री नवीन नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे खोलीसोबती होते. पुढे १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना ५००० रुपये उसने दिले. बाबासाहेबांच्या पदव्या आपण तोंडपाठ म्हणतो. त्या पदव्यांमागे छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीबरोबर एका सोबत्याची ही रक्कमही आहे, हे पोरांना सांगायचे राहून जाते. आणि रमाईंनी घरी काढलेले दिवस तर आहेतच.

संसारी माणूस

मॉनिटर एका खाजगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा. लग्न २००४ साली वस्तीतल्या विहारात झाले. बँड नाही, हुंडा नाही, जेवणाला पुरी-भाजी. वहिनी घरी शिवणकाम करतात, फॉल-पिको करतात. सणाच्या आधी साड्यांचा ढीग पडला की हा रात्री कामावरून येऊन फॉलला हातशिलाई घालत बसे. सुई त्याच्या हातात शोभायची नाही, पण टाका सरळ पडायचा. एकदा मी म्हटले, "अरे, बायकांची कामं काय करतोस?" त्याने सुईत दोरा ओवता ओवताच उत्तर दिले, "तू भाकरी खातोस ना? मग ती थापायला लाज कसली?"

त्याला दोन मुली. दुसरी झाली तेव्हा शेजारपाजारचे सांत्वनाला आल्यासारखे बोलले. त्याने सर्वांना जिलेबी वाटली. शाळेच्या पालकसभेला वर्गात बाप असा तो एकटाच असायचा. रजा टाकून जायचा आणि वहीत लिहून आणायचा. रविवारी मुलींना घेऊन ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाच्या ग्रंथालयात जायचा. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले, तेव्हा वाचणाऱ्यांत त्याचा आठवड्यातून एक दिवस ठरलेला. घाई नाही, आवाज चढवणे नाही. अवघड शब्द आला की थांबून तो सोपा करून सांगे.

घरखर्चाची त्याची वही होती. दूध, गॅस, भिशी, बहिणीच्या मुलाला दिलेले वह्यांचे पैसे, रुपयान्‌रुपया त्यात लिहिलेला. ही वही लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

ती रात्र

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास त्याच्या छातीत जळजळू लागले. डावा हात जड वाटत होता, अंगाला घाम सुटला होता. त्याने मानले की पित्त झाले. लिंबू-सोडा प्याला आणि गादीवर उठून बसला. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊ या." तो म्हणाला, "सकाळी बघू. पोरीची उद्या चाचणी आहे, तिला कशाला उठवतेस?" पहाटे त्याला उचलून रिक्षात घातले तेव्हा फार उशीर झाला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, यात दोष कोणाला देण्यासारखा नाही. म्हणूनच हे लिहितो आहे. छातीवर दाब किंवा जळजळ, त्याबरोबर घाम, धाप, हाताला, जबड्याला किंवा पाठीला कळ, असे झाले तर ते पित्त आहे की हृदय, हे घरात बसून ठरवू नये. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम, मळमळ आणि थकवा येतो. अशा वेळी एक तासही मोठा असतो. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. तो क्रमांक घरातल्या लहान पोरालाही पाठ असावा. तपासणीत पित्तच निघाले, तर हसत घरी यावे. त्यात कमीपणा नाही.

बांगड्या

अंत्ययात्रेला वस्ती लोटली होती. बाजारातले माथाडी होते, कंपनीतले कामगार होते, विहारातले उपासक-उपासिका होत्या, आणि वर्गातले आम्ही एकोणीस जण. शरीर उचलायच्या आधी गावाहून आलेली एक वयस्क आत्या वहिनींच्या जवळ सरकली आणि त्यांचा हात धरून बांगड्यांकडे बघू लागली. तिच्या मनात पाप नव्हते. तिने आयुष्यभर हेच पाहिले होते. तेवढ्यात थोरली मुलगी मध्ये बसली. रडत होती, पण आवाज स्वच्छ होता. म्हणाली, "आजी, बांगड्या आईच्या आहेत. पप्पांनी आणल्या तेव्हाही आईच्याच होत्या."

आत्याने हात सोडला आणि पोरीला पोटाशी धरून ती मोठ्याने रडली.

१९५६ साली आपण दीक्षा घेतली तेव्हाच या चालीरीती मागे सोडल्या, असे आपण सभांतून सांगतो. पण मरणाच्या दारात जुने हात पुन्हा पुढे येतात, हेही खरे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. सरकारी कागद चांगलाच आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत कागद नव्हता, १८ वर्षांची एक मुलगी होती. तिला ते कोणी शिकवले, हे वेगळे सांगायला नको.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कसा करायचा, यावर थोडा वाद झाला. काहींचे म्हणणे, माणूस मोठा होता, मंडप घालू, दोनशे पाने उठवू, नाक्यावर फ्लेक्स लावू. आम्ही वर्गमित्रांनी वर्गणी जमवली होती, तीही त्यात घाला म्हणाले. वहिनी दोन दिवस काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते असते तर त्यांनी आधी वही काढली असती." मग विषयच संपला. विहारात त्रिसरण-पंचशील झाले, भन्तेजींनी किसा गोतमीची कथा सांगितली, सर्वांना चहा आणि खिचडी दिली. वर्गणीची रक्कम दोन्ही मुलींच्या नावे बँकेत ठेवली. नाक्यावर फ्लेक्स लागला नाही. त्याची आठवण त्यामुळे कमी झाली, असे मला दिसलेले नाही.

वहीत नसलेले पान

आता जे लिहायचे आहे, ते लिहायला मला जड जाते.

आठव्या दिवशी मी कागदपत्रे बघायला बसलो. चाळीत, विहारात लोकांचे अर्ज भरून देणे हे माझे वीस वर्षांचे काम आहे. किती विधवा भगिनींची पेन्शनची प्रकरणे मी केली, याची मोजदाद नाही. आणि माझ्या सर्वांत जवळच्या मित्राला मी एकदाही विचारले नव्हते की, बाबा रे, तुझ्या प्रॉव्हिडंट फंडाला वारस कोण लावला आहेस?

वहीत सगळे होते. हे नव्हते. फंडाचा फॉर्म त्याने नोकरीला लागताना, लग्नाआधी भरलेला. त्यात आईचे नाव. आई जाऊन नऊ वर्षे झाली होती. शाळेच्या दाखल्यावर घराण्याचे जुने आडनाव, आधार कार्डावर वडिलांनी पुढे घेतलेले नवे. आपल्या समाजात असे कितीतरी घरांत आहे. आडनाव बदलले तेव्हा अभिमानाने बदलले, पण राजपत्रातली नोंद जपून ठेवली नाही. वहिनींच्या बँकेच्या पासबुकावर तर अजून माहेरचेच नाव. पहिला अर्ज परत आला. दुसरा परत आला. आधी नावे जुळवा, म्हणाले. घरात कमावते माणूस गेलेले, दोन मुलींची फी तोंडावर, आणि हक्काचा पैसा समोर असून हाताला लागत नव्हता. चौथ्या महिन्यात फंडाची रक्कम आणि विम्याचे पैसे जमा झाले, पाचव्यात पेन्शन सुरू झाली. ते चार महिने वहिनींनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवले. त्यातला एकही दिवस त्यांच्या वाट्याला यायला नको होता.

घरातला फंड कापला जाणारा माणूस नोकरीत असताना गेला, तर कुटुंबाला काय मिळते, ते बऱ्याच भगिनींना ठाऊक नसते. म्हणून थोडक्यात सांगतो.

फंडाची शिल्लक तर मिळतेच. शिवाय १९९५ च्या पेन्शन योजनेखाली पत्नीला दरमहा पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. रक्कम लहान असते, पण सप्टेंबर २०१४ पासून ती महिना १००० रुपयांच्या खाली जात नाही. त्याशिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, आईच्या पेन्शनच्या चौथाई इतकी पेन्शन प्रत्येकी मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे ठेवीशी जोडलेला विमा. कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही कापले जात नाही, वर्गणी मालक भरतो, म्हणून कामगाराला त्याचा पत्ताच नसतो. २०२१ पासून त्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. या तिन्हींसाठी मृत्यूनंतरचा एकच एकत्रित अर्ज असतो. चौथी गोष्ट ग्रॅच्युइटी. पाच वर्षे नोकरी झाली पाहिजे ही अट मृत्यू झाल्यास लागत नाही. कोणी "अजून पाच वर्षं झाली नव्हती" असे सांगून परत पाठवले, तर परत यायचे नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्यावरचे नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का, ते दाखला हाती घेण्यापूर्वी वाचावे. बँकेत वर्षाला ४३६ रुपये कापून २ लाखांचा जीवनविमा देणारी प्रधानमंत्री जीवनज्योती योजना २०१५ पासून आहे. १८ ते ५० वयात तिच्यात नाव घालता येते. मॉनिटरच्या खात्यात ती नव्हती. अर्ज त्याने आणला होता. तो वहीच्या पाठीमागे कोरा सापडला.

आम्ही काय केले

महिन्याभराने एका रविवारी वर्गातले आठ जण एका मित्राच्या घरी जमलो. प्रत्येकाने आपापल्या कागदांची पिशवी आणायची आणि बायकोला बरोबर आणायचे, असे ठरवले होते. आठांपैकी पाच जणांच्या फंडाला लग्नाआधीचाच वारस निघाला. त्या पाचांत एक मी होतो. माझ्या फॉर्मवर माझ्या वडिलांचे नाव होते. वडील २०११ साली कालकथित झाले. लोकांचे अर्ज भरणाऱ्या या कारकुनाने स्वतःचा फॉर्म १३ वर्षे उघडून पाहिला नव्हता. माझी पत्नी माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

ते काम त्याच दिवशी मोबाईलवर झाले. आधारला जोडलेला मोबाईल आणि घरच्यांचे फोटो असले की फंडाचे वारसपत्र घरबसल्या भरता येते. बँकेच्या खात्याला तर नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत वारस लावता येतात. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही कोणत्या तरी वस्तीत बसतो. तुर्भे स्टोअर झाले, घणसोली झाले, दिघा झाले. ना बॅनर, ना अध्यक्ष. सतरंजी, दोन पेन आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर, त्याच्या पद्धतीप्रमाणे, आधी आमची स्वतःची नावे लिहिली आहेत. कोणाचे काय राहिले आहे, तेही नावापुढे लिहिले आहे.

गेल्या वर्षी त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी विहारात वाचनाचा त्याचा वार रिकामा होता. धाकटी उठली आणि ग्रंथ उघडून वाचू लागली. एका अवघड शब्दापाशी अडली. क्षणभर थांबली, मग आपल्या भाषेत सोपा करून सांगून पुढे गेली. वहिनी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनी नुकत्याच नव्या भरल्या होत्या.

आपण मेलेल्या माणसाला स्वर्गीय म्हणत नाही, कालकथित म्हणतो. स्वर्ग-नरक आपण मानत नाही. माणूस गेला म्हणजे गेला, मागे राहते ते त्याचे कर्म आणि त्याची माणसे. मग त्या माणसांची सोय लावणे हीच त्याची खरी आठवण. फुले दुसऱ्या दिवशी सुकतात.

म्हणून एवढीच विनंती. आज रात्री जेवणे झाली की कागदांची पिशवी काढा. फंड, बँक, विमा, आधार, दाखले, सगळे चटईवर मांडा. घरातल्या बाईला शेजारी बसवा, तिला प्रत्येक कागद हातात घेऊ द्या आणि वारस म्हणून कोणाचे नाव आहे, ते तिला मोठ्याने वाचायला सांगा.

जयभीम.